शेतात गाळ टाकायचाय? बडोद्याजवळ पहिल्यांदाच टाकणाऱ्यांसाठी

आमची साडेतीन एकर जमीन वाघोडिया तालुक्यात आहे. घर रावपुऱ्यात, शेती दादा आणि मी मिळून बघतो. शेणखताची ट्रॉली मिळेनाशी झाली तेव्हा कुणीतरी सुचवलं, पाणी शुद्ध करतात तिथे गाळाचे ढीग पडलेले असतात, मागितला तर देतात. आम्ही मागितला, मिळाला, अर्ध्या एकरात पसरला. काळसर, मऊ, वास नाही. दिसायला तळ्यातल्या गाळासारखाच. त्यावर मका पेरला. वीस-बावीस दिवसांत रोपांची पानं जांभळी पडली आणि वाढ थांबली. शेजारच्या वाफ्यात, जिथे गाळ नव्हता, तिथे मका गुडघ्याला आला होता.

चूक आमची होती. गाळ कसला आहे हे आम्ही विचारलंच नव्हतं. पुढच्या चार वर्षांत विचारत, तपासून घेत, थोडाथोडा टाकत जे समजलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. गाळ ही चांगली वस्तू आहे, पण तो कुठून आला हे कळल्याशिवाय एक टोपलंही शेतात टाकू नका.

१. पहिला प्रश्न: गाळ कुठल्या केंद्रातला?

आमच्या गावात सगळ्याला सरसकट ‘कादव’ म्हणतात. प्रत्यक्षात बडोद्याच्या आसपास तीन अगदी वेगवेगळे गाळ मिळतात.

पहिला, पिण्याचं पाणी शुद्ध करताना निघणारा. आजवा सरोवराचं पाणी निमेट्याला शुद्ध होतं, ते उदाहरण घ्या. अशा केंद्रांत गढूळ पाण्यात तुरटी किंवा पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड घालतात. अॅल्युमिनियमचे पुंजके तयार होतात, माती त्यांना चिकटते आणि सगळं तळाशी बसतं. म्हणजे हा गाळ मुख्यतः बारीक चिकणमाती आणि अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. यात नत्र (नायट्रोजन) नावापुरतं असतं. शिवाय अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड स्फुरदाला (फॉस्फरसला) घट्ट धरून ठेवतं. तुम्ही डीएपी हे स्फुरदाचं खत टाकता, त्यातला स्फुरद गाळ पकडतो आणि कोवळ्या मुळांना काही मिळत नाही. आमच्या मक्याची जांभळी पानं ही स्फुरदाच्या उपासमारीची खूण होती. तेव्हा आम्ही त्यावर युरिया, म्हणजे नत्र, मारत बसलो.

दुसरा, मैलापाण्याच्या केंद्रातला. गाजरावाडी, अटलादरा, तरसाली, कपुराई, छाणी इथे शहराचं सांडपाणी शुद्ध होतं आणि त्यातून जो गाळ निघतो त्यात खरं खत असतं: वाळलेल्या वजनावर साधारण दीड ते तीन टक्के नत्र, एक-दोन टक्के स्फुरद, भरपूर सेंद्रिय कर्ब, जस्त. त्याचबरोबर जंतू, जंतांची अंडी आणि शहरातल्या गटारात जे जे ओतलं जातं त्या सगळ्याचा अंशही असतो.

तिसरा, कारखान्यांच्या सांडपाण्याचा. नंदेसरीपासून पादरा-जंबुसरकडून खंभातच्या आखातापर्यंत कारखान्यांचं पाणी नेणारा बंदिस्त मार्ग आहे, तो इथल्या सगळ्यांना माहीत आहे. रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्यातून निघालेला गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत मोडतो. तो शेतात टाकायचा नाही. कमी प्रमाणात नाही, बांधावर नाही, झाडांच्या आळ्यातही नाही.

तिसरा गाळ दुसऱ्याच्या नावावर खपवला जातो, हा सगळ्यात मोठा सापळा. आमच्याकडे एकदा संध्याकाळी अंधार पडता पडता ट्रॉली आली. ‘गटरचा आहे, फुकट घ्या, वर डिझेलचे पैसेही मागत नाही.’ गाळ निळसर राखाडी होता आणि वास मैल्याचा नसून रंगाच्या डब्यासारखा. दादाने केंद्राचा गेटपास आणि वजनकाट्याची चिठ्ठी मागितली. ट्रॉलीवाला ट्रॉली वळवून गेला. घरपोच फुकट माल कुणी देत असेल तर त्याचा ट्रॉलीचा खर्च कोण भरतंय, हे विचारा. उत्तर बहुतेक तिथेच मिळतं.

२. आपली जमीन कशी आहे

आपल्या भागात गोराडू, म्हणजे रेताड पोयट्याची, जमीन आहे, मध्यम काळी आहे, डभोईकडे भारी काळी आहे. तिन्हींचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी सात ते साडेआठच्या मध्ये येतो. गाळासाठी ही जमेची बाजू. सामू साडेसहाच्या वर असला की कॅडमियम, जस्त, निकेल यांसारखे धातू मातीत धरलेले राहतात, पिकात कमी चढतात. तुरटीच्या गाळातलं अॅल्युमिनियमही आम्लधर्मी जमिनीतच, म्हणजे सामू साडेपाचच्या खाली गेला तरच, मुळांना त्रास देतं. कोकणातल्या नातेवाइकांना हा लेख पाठवलात तर एवढं मात्र सांगा की त्यांच्या तांबड्या जमिनीला हे लागू नाही.

उलट बाजूही आहे. काही ठिकाणी मैल्याचा गाळ जंतू मारण्यासाठी चुन्याने बांधतात, सामू बारापर्यंत नेतात. असा चुन्याचा गाळ आपल्या आधीच अल्कधर्मी जमिनीत टाकला तर लोह आणि जस्त पिकाला मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडतात. गाळाचा सामू विचारूनच घ्या.

मृदा आरोग्य पत्रिका (माती तपासणीचा सरकारी अहवाल) काढलेली नसेल तर काढा. नमुना घेण्याची पद्धत सोपी आहे: शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा करायचा, त्याच्या कडेची पातळ चकती घ्यायची, सगळी माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायचा. बांध, शेणाचा ढीग, झाडाखालची जागा टाळायची.

पण इथे एक गैरसमज आहे, मलाही होता. या पत्रिकेत बारा गोष्टी येतात: नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅश), गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगेनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल, पारा यांतलं काहीच येत नाही. पत्रिका हिरवीगार आहे म्हणून जमीन धातूंपासून स्वच्छ आहे असं समजू नका. गाळ टाकण्याआधी एकदा तरी मातीतले जड धातू वेगळे तपासून घ्या. पुढे काही वाढलं तर ते गाळाने वाढलं की आधीचंच होतं, हे कळायला तोच एक पुरावा असतो.

३. कागद आणि साधनं

कागद:
- सात-बारा आणि आठ-अ. एनीआरओआर या गुजरातच्या जमीन नोंदींच्या पोर्टलवर बघून घ्या. अर्जाला जोडायची प्रत सहीशिक्क्याची लागते का ते आधी विचारा.
- जमीन भावंडांच्या सामाईक नावावर असेल तर सगळ्यांची लेखी संमती. कायद्यापेक्षा घरातल्या शांततेसाठी ती जास्त लागते.
- मृदा आरोग्य पत्रिका आणि धातूंचा अहवाल.
- केंद्राला दिलेला अर्ज आणि त्याची पोच. मैलापाण्याच्या केंद्रासाठी महापालिकेचा ड्रेनेज विभाग, पिण्याच्या पाण्यासाठी पाणीपुरवठा विभाग. अर्जात किती टन, कुठल्या गटात, कुठल्या पिकासाठी हे लिहा.
- केंद्राच्या गाळाचा अलीकडचा चाचणी अहवाल. तोंडी मागून मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात मागता येतो.
- प्रत्येक खेपेचा गेटपास आणि वजनचिठ्ठी.

केंद्रं १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखालच्या संमतीवर चालतात आणि गाळाची विल्हेवाट कशी लावायची याच्या अटी त्या संमतिपत्रात असतात. शंका आली तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बडोद्यातल्या प्रादेशिक कार्यालयात जाऊन विचारा. जाताना अर्जाची प्रत न्या.

साधनं: गमबूट, रबरी हातमोजे, प्लास्टिकची बादली, लांब दांड्याचा तापमापक, काटा, जाड प्लास्टिकचा कागद. बादली जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची नको. तिच्यात नमुना घेतला तर अहवालात जस्त तुमच्या बादलीचं येईल.

४. गाळाची चाचणी: इथे कंजूसपणा करू नका

केंद्राचा अहवाल सरासरीचा असतो, तुमच्या ट्रॉलीचा नसतो. ढीग उतरल्यावर दहा ठिकाणांहून, वरची वाळलेली साय काढून आतला गाळ घ्या, बादलीत कालवा आणि एक किलो पिशवीत भरा. जंतूंचा नमुना वेगळा: प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, त्याच दिवशी पोचवायचा. धातूंचा नमुना दोन दिवस थांबला तरी चालतो. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची असावी, आणि मान्यता मातीची आहे की गाळाचीही, हे विचारावं.

अहवाल कशाशी ताडायचा? आपल्याकडे १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी धातूंच्या मर्यादा दिल्या आहेत. त्या विक्रीच्या कंपोस्टसाठी आहेत, पण आम्ही गाळालाही त्याच लावतो. किलोमागे मिलिग्रॅममध्ये: आर्सेनिक १०, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, तांबं ३००, पारा ०.१५, निकेल ५०, शिसं १००, जस्त १०००. अमेरिकेचे १९९३ चे गाळाचे नियम याहून कितीतरी सैल आहेत: उत्तम दर्जाच्या गाळातही कॅडमियम ३९, शिसं ३००, जस्त २८०० चालतं. कुणी ‘आंतरराष्ट्रीय मानकात बसतो’ म्हणालं तर कुठल्या देशाच्या, ते विचारा. आमच्या घरातले लोक याच शेतातलं खातात, म्हणून आम्ही कडक आकडे धरतो.

आता एक सापळा, ज्यात शिकलेले लोकही अडकतात. आकडे ओल्या वजनावर आहेत की कोरड्या? मर्यादा कोरड्या वजनावर असतात. यंत्रातून पिळून निघालेल्या गाळात पाचातले चार भाग पाणीच असतं. अहवालात ओल्या वजनावर कॅडमियम २ लिहिलं असेल तर कोरड्या वजनावर ते १० होतं, मर्यादेच्या दुप्पट. अहवालात ‘कोरड्या वजनावर’ असं छापलेलं नसेल तर फोन करून विचारा आणि उत्तर तारखेसह अहवालावरच लिहून ठेवा.

सोबत सामू, क्षारता, ओलावा, एकूण नत्र, अमोनियाचं नत्र, स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय कर्ब मागा. क्षारता मीटरमागे चार डेसिसीमेन्सच्या (अहवालात dS/m) वर असेल आणि तुमच्या बोअरचं पाणीही मचूळ असेल, तर तो गाळ सोडून द्या.

चाचणी जे सांगत नाही तेही मी सांगते. गाळात केसांचे पुंजके, शाम्पूच्या पुड्या, ब्लेडचे तुकडे, काच निघते. औषधांचे अंश, प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण नेहमीच्या अहवालात येत नाहीत. अमेरिकेतल्या मेन राज्याने २०२२ मध्ये शेतात गाळ टाकायला पूर्ण बंदी घातली, कारण न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं गाळातून जमिनीत, पाण्यात आणि दुधात उतरली होती. म्हणूनच मी गाळ दरवर्षी टाकत नाही. तीन वर्षांतून एकदा, तेही एकाच तुकड्यात.

५. जंतू: ताजा गाळ कधीही नको

गाळ वाळला म्हणजे निर्धोक झाला असं नाही. जंतांची अंडी मातीत महिनोन्महिने, कधी वर्षभराहून जास्त टिकतात. शेतात अनवाणी निंदणी करणाऱ्या बायका, बांधावर खेळणारी मुलं यांना त्याचा पहिला फटका बसतो.

बडोद्याला या कामाचा जुना वारसा आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. गाजरावाडीला भाभा अणुसंशोधन केंद्राने कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी गाळ निर्जंतुक करण्याचा प्रकल्प उभारला होता आणि १९९० च्या दशकात तो गाळ शेतांतही वापरून पाहिला गेला. त्याच मार्गाने अहमदाबादला पिराणा इथे २०१९ मध्ये रोज १०० टन वाळका गाळ हाताळणारा प्रकल्प सुरू झाला. किरणांनी गाळ किरणोत्सारी होतो का, असा प्रश्न आमच्या काकूंनी मला तीनदा विचारला. होत नाही, गॅमा किरण जंतू मारून निघून जातात. पण किरणांनी धातू जात नाहीत. निर्जंतुक गाळाचाही धातूंचा अहवाल लागतोच.

किरणोपचार झालेला गाळ हाती नसेल तर शेताच्या कडेला स्वतः कुजवून घ्या. आम्ही असं करतो: एक भाग गाळ, अडीच-तीन भाग गव्हाचं काड आणि कापसाच्या पऱ्हाट्यांचा भुगा, मापाने. गाळात नत्र खूप आणि कर्ब कमी असल्यामुळे नुसता ढीग घातला तर तो सडतो, अमोनिया उडतो आणि शेजारी भांडायला येतात. कालवलेल्या मिश्रणाचा कमरेपेक्षा थोडा उंच लांबट ढीग करायचा. आतलं तापमान ५५ अंशांच्या वर सलग पंधरा दिवस राहिलं पाहिजे आणि त्या काळात ढीग किमान पाच वेळा उलटायचा, म्हणजे बाहेरचा गार भागही आत जाऊन तापतो. तापमापक रोज सकाळी तीन ठिकाणी खुपसून आकडा वहीत लिहा. आमचा पहिला ढीग ४८ वर अडकला होता. काड कमी आणि ओल जास्त झाली होती. काड वाढवून पुन्हा रचला तर तिसऱ्या दिवशी ६१ वर गेला. त्यानंतर दोन-तीन महिने मुरू द्यायचा. मग पुन्हा जंतूंची चाचणी: विष्ठेतले कोलीफॉर्म जिवाणू कोरड्या ग्रॅममागे १००० च्या खाली आले पाहिजेत.

ढिगाखाली प्लास्टिक, भोवती छोटी चारी. पावसाळ्यात हा उद्योग करू नका.

६. किती टाकायचा: ट्रॉली मोजू नका, कोरडं वजन मोजा

‘एकरी किती ट्रॉल्या?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. तीन टनांची ट्रॉली यंत्रातून पिळलेल्या गाळाची असेल, वीस टक्के कोरडा भाग, तर त्यात ६०० किलो माल आहे. तीच ट्रॉली सुकवण वाफ्यातल्या चाळीस टक्के कोरड्या गाळाची असेल तर १२०० किलो. ओलावा घरीही काढता येतो: एक किलो गाळ ताटात पसरून गच्चीवर कडक उन्हात रोज हलवत वाळवा, वजन स्थिर झालं की जे उरलं तो कोरडा भाग. अगदी शास्त्रशुद्ध नाही, पण ट्रॉलीवाल्याच्या अंदाजापेक्षा खूप बरा.

वीघ्याच्या हिशेबातही जाऊ नका. आपल्याकडे एका गावात सोळा गुंठ्यांचा वीघा धरतात, दुसऱ्या गावात जवळजवळ चोवीस गुंठ्यांचा. सात-बारावरचं हेक्टर-आर घ्या.

आम्ही मैल्याचा गाळ हेक्टरी ५ टन कोरडा, तीन वर्षांतून एकदा टाकतो. त्यातून काय मिळतं ते बघा, नत्र दोन टक्के आणि स्फुरद एक टक्का धरून:

नत्र एकूण १०० किलो. पण ते सेंद्रिय स्वरूपात असतं. कुजवलेल्या आणि पचवलेल्या गाळातलं दहा ते वीस टक्केच पहिल्या वर्षी पिकाला मिळतं, म्हणजे फार तर २० किलो, साधारण एक ४५ किलोची युरियाची गोणी. पहिल्याच वर्षी युरिया बंद करणारे म्हणूनच फसतात. बाकीचं नत्र पुढच्या वर्षांत हळूहळू सुटतं.

स्फुरद ५० किलो मूलद्रव्य, म्हणजे खताच्या पिशवीवरच्या भाषेत सुमारे ११५ किलो. पाच गोण्या डीएपीमध्ये जितका असतो तितका. सगळा लगेच मिळत नाही, पण डीएपी निम्म्यावर आणायला हरकत नाही. मातीत स्फुरद आधीच ‘जास्त’ असेल तर हा गाळ त्या तुकड्यासाठी नाही.

पालाश जवळजवळ नाही. तो पाण्यात विरघळून केंद्राच्या पाण्याबरोबर निघून जातो. केळी किंवा कापूस असेल तर पालाश वेगळा द्यावाच लागतो.

धातूंचा हिशेबही याच पानावर मांडा. कॅडमियम किलोला ३ मिलिग्रॅम असेल तर ५००० किलो गाळातून हेक्टरी १५ ग्रॅम पडतं. युरोपच्या १९८६ च्या गाळविषयक निर्देशात दहा वर्षांच्या सरासरीने वर्षाला १५० ग्रॅमपर्यंत मुभा आहे. वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचं वजन हेक्टरी वीस लाख किलोच्या घरात भरतं, त्यात हे १५ ग्रॅम मिसळले तर किलोमागे ०.००७५ मिलिग्रॅमची भर. आकडा लहान आहे, पण पडलेलं कॅडमियम जमिनीतून परत काढता येत नाही. नातवंडांच्या काळापर्यंतची बेरीज आपणच ठेवायची आहे.

तुरटीच्या गाळाचा हिशेब वेगळा. तो खत म्हणून धरायचाच नाही. रेताड गोराडूत ओल धरण्यासाठी चिकणमाती घातल्यासारखा धरायचा. तोही पातळ थरात, शेणखत किंवा कंपोस्टबरोबर, आणि त्या वर्षी स्फुरद पसरून न देता बियाण्याच्या ओळीत, बियाण्याच्या थोडं खाली आणि बाजूला द्यायचा, म्हणजे गाळाशी त्याची गाठ कमी पडते. दुसऱ्या वर्षी आम्ही तसं केलं आणि मका हिरवा राहिला. कोंबडीखत घालून घालून ज्यांच्या जमिनीत स्फुरद नको इतका झाला आहे, त्यांना मात्र हा गाळ कामाचा आहे. तो जादा स्फुरद वाहून तळ्यात जाण्यापासून रोखतो.

७. कुठल्या पिकाला चालेल

कापूस, दिवेला (एरंडी), तूर, मका, गहू, बांधावरचा साग: चालेल. कुजवून चाचणीत उतरलेला गाळ असेल तर केळी, आंबा यांच्या आळ्यातही.

पालेभाज्या, कोथिंबीर, मुळा, गाजर, बटाटा, कांदा: नको. न कुजवलेल्या गाळासाठी अमेरिकी नियमात, जमिनीला टेकणाऱ्या पिकाला गाळानंतर चौदा महिने थांबायला लावतात. जमिनीत वाढणाऱ्या पिकाला गाळ मातीत किती लवकर मिसळला यावर वीस किंवा अडतीस महिने. पादऱ्याची भाजी रोज सकाळी शहरात येते आणि कच्ची खाल्ली जाते. त्या भाजीच्या वाफ्यात मी कुजवलेलाही टाकणार नाही.

तंबाखू तर नकोच. तंबाखूचं पान कॅडमियम ओढून साठवतं.

चारा पीक असेल तर गाळ टाकल्यापासून निदान महिनाभर कापू नका, गुरं चारू नका. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल किंवा घ्यायचं असेल तर आधी प्रमाणन संस्थेला विचारा. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत सांडपाण्याचा गाळ चालतच नाही, आणि एकदा टाकल्यावर निर्यातीचा माल अडकतो.

८. टाकायचा दिवस

गहू निघाल्यावर, एप्रिल ते मे अखेर. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्याला धरतो. त्याआधी गाळ मातीत मुरलेला हवा. आभाळ भरलं असताना पसरलात तर अर्धा गाळ ओढ्यातून जांबुवा-ढाढर नद्यांकडे जाईल.

विहीर आणि बोअरपासून आम्ही तीस मीटर सोडतो, ओढ्यापासून दहा. गोराडू जमिनीत नायट्रेट झपाट्याने खाली उतरतं आणि पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. शेतातल्या बोअरचं पाणी घरात पीत असाल तर वर्षातून एकदा नायट्रेट तपासा.

सकाळी पसरवा, त्याच दिवशी रोटावेटर मारा. दुपारपर्यंत उघडा राहिला तर अमोनिया उडून जातो, माश्या जमतात, वास पसरतो. वाऱ्याची दिशा वस्तीकडे असेल तर तो दिवस सोडा. शेजारच्या शेतकऱ्यांना दोन दिवस आधी जाऊन सांगा, अहवाल दाखवा. आम्ही पहिल्या वर्षी सांगितलं नाही आणि तलाठ्यापर्यंत तक्रार गेली. दुसऱ्या वर्षी सांगितलं तर त्यांच्यातल्या दोघांनी अहवालाचा फोटो काढून घेतला.

मजुरांना बूट आणि हातमोजे तुम्ही द्या, ‘आणा’ म्हणू नका. साबण आणि पाण्याची कळशी शेतातच ठेवा, हात धुतल्याशिवाय शिदोरी सोडायची नाही. हातापायाला जखम असेल त्याला त्या दिवशी दुसरं काम द्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आहे का, हे प्रत्येकाला विचारा.

९. वही

साधी दोनशे पानी वही. प्रत्येक खेपेला: तारीख, केंद्र, गेटपास क्रमांक, ओलं वजन, कोरडा टक्का, गट आणि तुकडा, कॅडमियम-शिसं-क्रोमियम-निकेल-जस्त किती, हेक्टरी किती ग्रॅम पडलं, आजवरची एकूण बेरीज. शेवटच्या पानावर शेताचा हाताने काढलेला नकाशा आणि गाळ टाकलेला तुकडा रंगवलेला.

एक पट्टी मुद्दाम बिनगाळाची ठेवा, दोन-तीन गुंठे पुरे. पीक उभं असताना दोन्हीकडे फोटो, काढणीला दोन्हीकडचं वजन. तिसऱ्या वर्षी, पुन्हा टाकण्याआधी, दोन्ही ठिकाणची माती त्याच महिन्यात, तितक्याच खोलीवरून, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत धातूंसाठी तपासा. आमच्या तुकड्याची ती पाळी येत्या एप्रिलमध्ये आहे. नमुन्याच्या पिशव्यांवर नावं घालून ठेवली आहेत.